अमेरिकन लष्करात ‘ब्रॉडकास्ट जर्नलिस्ट’ : काम खरं, पण पत्रकारिता किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : न्यू जर्सीत वाढलेला, जन्मानं अमेरिकन नागरिक असलेला तुमचा मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मास कम्युनिकेशन शिकतोय. रिक्रूटरनं त्याला सांगितलंय, की आर्मीत रेडिओ-टीव्हीचा पत्रकार होता येईल, जर्मनी-जपान बघायला मिळेल, वर पुढच्या शिक्षणाचा खर्चही निघेल. हे खरं आहे का, जिवाला धोका किती, आणि परत आल्यावर एखादं चॅनल त्याला दारात उभं करेल का, एवढं तुम्हाला हवंय.

मी हेच काम केलंय. आधी इथल्या एका तळावर, मग परदेशात ‘अमेरिकन फोर्सेस नेटवर्क’मध्ये, म्हणजे एएफएनमध्ये. आता एका विद्यापीठाचा व्हिडिओ विभाग सांभाळते, आणि लष्करातून बाहेर पडलेली मुलं-मुली माझ्याकडे मुलाखतीला येतात. तेव्हा दोन्ही टोकं पाहिलेली आहेत. रिक्रूटर खोटं बोललेला नाही. पण तुमच्या तीन प्रश्नांच्या आड एक चौथा आहे आणि खरा तोच : मुलाला कॅमेरा-माइकचं काम शिकायचंय, की पत्रकार व्हायचंय? पहिलं लष्करात पोटभर मिळतं. दुसऱ्याचा थोडाच भाग मिळतो, आणि तो कुठला हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

आधी ट्रेडचं, म्हणजे लष्करातल्या कामाच्या प्रकाराचं बघू, कारण रिक्रूटर अजून जुनंच नाव वापरतोय असं दिसतं. आर्मीत पूर्वी छापील मजकूर लिहिणारे ४६ क्यू आणि प्रसारणवाले ४६ आर असे दोन ट्रेड होते. मी ४६ आर. आता ते दोन्ही एकत्र करून ४६ एस केलंय. नेव्हीनं हे २००६ मध्येच केलं होतं : पत्रकार, फोटोग्राफर, चित्रं-आराखडे काढणारे आणि छापखानेवाले अशा चार ट्रेडचा मिळून एक ‘मास कम्युनिकेशन स्पेशालिस्ट’. एअर फोर्सही त्याच वाटेनं गेलं. याचा साधा अर्थ असा, की तुमच्या मुलाला ४६ एस मिळालं तरी त्याच्या नशिबी माइक येईलच असं नाही. एखाद्या तुकडीच्या पब्लिक अफेअर्स, म्हणजे जनसंपर्काच्या ऑफिसात तीन वर्षं फोटो काढणं, फेसबुकच्या पोस्ट लिहिणं आणि जनरलसाहेबांच्या भाषणाचं चित्रण करणं, एवढंच वाट्याला आलेले पुष्कळ जण मला माहीत आहेत. एएफएनमधल्या जागा मोजक्या. त्या वर्षी कुठे जागा रिकामी आहे, यावर सगळं अवलंबून.

प्रशिक्षण मात्र उत्तम आहे, हे मी बिनदिक्कत सांगते. आधी दहा आठवड्यांचं बेसिक : रायफल, धावणं, ओरडा खाणं. त्यातून कुणाचीच सुटका नाही. मग मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला ‘डिफेन्स इन्फर्मेशन स्कूल’. सगळे तिला डिनफॉस म्हणतात. १९९५ पर्यंत ती इंडियानात होती. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन, कोस्ट गार्ड, सगळ्यांची मुलं एकाच वर्गात बसतात. बातमीचा इंट्रो कसा बांधायचा, तीस सेकंदांत काय मावतं, मुलाखतीत गप्प कधी बसायचं, उजेड कुठून घ्यायचा, आवाज पोटातून कसा काढायचा, हे सगळं घड्याळ समोर ठेवून शिकवतात. कॉलेजात असाइनमेंट उशिरा दिली तर दोन गुण जातात, इथे सहाची बातमी सहाला पाच कमी असतानाच हातात लागते. नावाचं स्पेलिंग चुकलं तर बाकी बातमी कितीही झकास असो, गुण धाडकन खाली. ज्या देशात आपल्या आडनावाचं रोज वाटोळं होतं, तिथे वाढलेल्या मराठी मुलाला ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही! एक गोष्ट मात्र मुलाला ठाऊक असू द्या : या शाळेत जो टिकत नाही, त्याला घरी पाठवत नाहीत. करार चालूच राहतो, आणि लष्कराला गरज असेल तो दुसरा ट्रेड मिळतो.

आता एएफएनचं काम कसं असतं ते सांगते, कारण मुलाच्या डोळ्यांसमोर बहुधा तेच असणार. दुसऱ्या महायुद्धात, ४ जुलै १९४३ ला, लंडनमधून हे प्रसारण सुरू झालं, बीबीसीच्या मदतीनं. आजही परदेशी तळांवरच्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना घरचं टीव्ही-रेडिओ ऐकवणं हेच त्याचं काम. अमेरिकेतल्या नेटवर्कचे कार्यक्रम कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडहून उपग्रहानं जातात. पण त्यात जाहिराती नसतात. जाहिरातीच्या जागी आमचे ‘स्पॉट’ : दारू पिऊन गाडी चालवू नका, मतदानाचा अर्ज असा भरा, पासपोर्टची मुदत बघा, दवाखान्याची वेळ बदललीय. तळावरची मंडळी या स्पॉटची यथेच्छ टिंगल करतात. तुमचा मुलगा सुरुवातीला तेच बनवणार आहे.

टिंगल सोडा, त्यातच धंद्याचं खरं शिक्षण आहे. ओकिनावाचं उदाहरण घ्या. तिथे वादळ येऊ लागलं, की तळांवर ‘टीसीसीओआर’ नावाची पायरीपायरीनं चढणारी इशारापद्धत लागू होते : चार, तीन, दोन, एक, मग पुढचे टप्पे, शेवटी ‘ऑल क्लिअर’. कुठल्या पायरीला शाळा बंद, कुठल्या पायरीला कुणी घराबाहेर पडायचं नाही, हे लोकांना रेडिओवरून कळतं. त्या वेळी माइकवर विशी-बाविशीचं पोर असतं. एका आकड्यात चूक झाली तर हजारो कुटुंबं चुकीच्या वेळी रस्त्यावर. मुंबईत २६ जुलैला ज्यांनी लोकलची बातमी मिळेना म्हणून स्टेशनात रात्र काढली, त्यांना अशा निवेदकाची किंमत वेगळी सांगायला नको. इतक्या लहान वयात इतकी जबाबदारी कुठलंही स्थानिक चॅनल देत नाही. तिथे त्या वयाची मुलं टेलिप्रॉम्प्टर सरकवत असतात.

आणखी एक. एएफएनचा टीव्ही परवानगी असलेल्यांनाच दिसतो, कारण कार्यक्रमांचे हक्क तसे घेतलेले असतात. पण रेडिओ कुणीही ऐकू शकतो. टोकियोत ८१० वर हे स्टेशन ऐकून इंग्रजी शिकलेले जपानी आजोबा भेटतात, जर्मनीत रॉकची गोडी इथूनच लागलेले लोक भेटतात. म्हणजे तुम्ही बोलता सैनिकांसाठी, कान मात्र यजमान देशाचेही लागलेले असतात. तिथल्या निवडणुकीवर, तळाविरुद्धच्या मोर्चावर निवेदकानं सहज मारलेला टोमणा दुसऱ्या दिवशी राजदूताच्या टेबलावर जाऊ शकतो. जीभ सांभाळून, तरीही कंटाळवाणं न होता बोलणं मला तिथेच जमू लागलं.

आता चौथ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे पत्रकारितेकडे.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मजकुराला आमच्याकडे चार चाळण्या : सुरक्षितता, अचूकता, धोरण आणि औचित्य. पहिल्या दोन कुठल्याही चांगल्या वृत्तसंपादकाला मान्य होतील. तुकडी कुठे, कधी निघणार, हे सांगायचं नाही, यात वाद नाही. सैनिक मारला गेला तर घरच्यांना कळवल्यानंतर चोवीस तास उलटेपर्यंत नाव जाहीर करायचं नाही, हा नियम तर नागरी माध्यमांनीही पाळावा असाच आहे. दाराची बेल वाजण्याआधी टीव्हीवर मुलाचं नाव दिसणं कुठल्या आईच्या वाट्याला यावं? अडचण तिसऱ्या-चौथ्या चाळणीत आहे. धोरण कुणाचं? ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करता, त्याचंच. कागदावर तत्त्व असंही आहे, की जास्तीत जास्त माहिती, कमीत कमी वेळात. अनेक अधिकारी ते मनापासून पाळतात. पण बातमी निवडणारा आणि तुमचा गोपनीय अहवाल लिहिणारा माणूस एकच असतो.

फरक दाखवणारा एक प्रसंग सांगते. २०१८ मध्ये रॉयटर्सच्या वार्ताहरांनी लष्करी वसाहतींतल्या, खासगी कंपन्यांकडे सोपवलेल्या घरांची अवस्था उघडी केली : भिंतींना बुरशी, शिसं असलेला जुना रंग, तक्रारींना वाटाण्याच्या अक्षता. चौकशा झाल्या, संसदेत साक्षी झाल्या, आणि २०१९ मध्ये तळातळांवर कमांडरांनी रहिवाशांच्या सभा घेतल्या. त्या सभा कधी, कुठे, हे सांगणं, त्यांचं चित्रण करणं, तक्रारीचा फोन नंबर घराघरांत पोचवणं, हे पब्लिक अफेअर्सचं काम. उपयोगी, प्रामाणिक काम. पण त्याच घरांत राहणारे, तीच बुरशी रोज बघणारे पब्लिक अफेअर्सवाले प्रत्येक तळावर असणार, आणि पहिली बातमी त्यांची नव्हती. त्यांची असूच शकत नव्हती.

कुणी ही सीमा ओलांडलीच नाही असं नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, जानेवारी १९७० मध्ये, सायगावच्या लष्करी स्टेशनवर एका तरुण निवेदकानं बातमीपत्रातच सांगून टाकलं, की इथे आम्हाला खरं सांगू देत नाहीत. त्याला माइकपासून हटवलं आणि दूर कोंतुमला धर्मगुरूचा मदतनीस म्हणून धाडलं. आज त्याचं कौतुक होतं. तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्यांची रात्र कशी गेली असेल, हे मला जास्त जवळचं वाटतं.

लष्कराशी नातं असूनही संपादकीय स्वातंत्र्य जपत आलेलं एक ठिकाण आहे : ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ हे वृत्तपत्र. ते संरक्षण खात्याच्या छत्राखाली निघतं, पण मजकुरात कमांडरांनी हात घालायचा नाही अशी त्याची परंपरा. मुलाला सैनिकांच्या जगाबद्दल कठीण प्रश्न विचारायचे असतील, तर गणवेश न घालता अशा ठिकाणी किंवा एखाद्या दैनिकाचा संरक्षण वार्ताहर म्हणून तो जास्त सुखी होईल. तळावर येणाऱ्या बाहेरच्या पत्रकारांना फिरवण्याचं काम ४६ एसवाल्यांकडेच असतं. तेव्हा कधी कधी गंमत वाटायची. आम्हाला उत्तर माहीत, त्यांना प्रश्न विचारायची मुभा.

इथवरचं थोडक्यात : कॅमेरा-माइकचं हत्यार चालवायला लष्कर उत्तम शिकवतं, जबाबदारी लवकर देतं, पण ते कुणावर रोखायचं हे तुमच्या हातात नाही. ज्याला हे चालतं त्यानं जरूर जावं. मला चाललं. कारण मला बातमी फोडायची हौस कमी आणि बातमी नेमकी सांगायची हौस जास्त होती.

धोक्याचं सांगायचं तर रोजचं काम बहुतेक तळावरच, कार्यालयात किंवा स्टुडिओत. पण तो आधी सैनिक आहे, नंतर निवेदक. तुकडी युद्धक्षेत्रात गेली तर तोही जाणार. व्हिएतनाम युद्धात, १९६८ च्या टेट हल्ल्यात, ह्यू शहरातलं लष्करी टीव्ही स्टेशन शत्रूनं घेरलं. काही जण मारले गेले, काही पाच वर्षं युद्धकैदी राहिले. २ जुलै २०१३ ला अफगाणिस्तानात प्रशिक्षणाच्या वेळी तोफगोळा नळीतच फुटला आणि हिल्डा क्लेटन ही बावीस वर्षांची लष्करी छायाचित्रकार तो क्षण टिपता टिपता गेली. असे प्रसंग विरळा आहेत. पण ‘माइकवाला म्हणजे सुरक्षित’ या हिशेबावर घरात होकार देऊ नका. आईला तर मुळीच तसं सांगू नका, नंतर सगळं तुमच्यावर येतं.

आता तुमच्या मुलाच्या बाबतीत. तो तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून माझं स्पष्ट मत : पदवी पुरी होऊ द्या. पदवीधर म्हणून भरती झाला तर आर्मीत शिपाई म्हणूनही तो ई-४ या वरच्या पायरीवर सुरू करतो, पगारात फरक पडतो. मग कुणीतरी सांगेल, पदवी आहे तर अधिकारीच हो. ऐकायला बरं वाटतं, आपल्या नातेवाइकांना तर फारच. पण पब्लिक अफेअर्स अधिकारी कॅमेरा धरत नाही. तो कमांडरला सल्ला देतो, पत्रकार परिषद सांभाळतो, बैठकांना जातो. हाताला काम हवं असेल तर ते शिपायांच्या ट्रेडमध्येच आहे.

दुसरा रस्ता तुमच्या दारातच आहे, आणि रिक्रूटर तो बहुतेक सांगणार नाही, कारण त्याचा कोटा पूर्णवेळ भरतीचा असावा. नॅशनल गार्ड आणि रिझर्व्ह या अर्धवेळ सैनिकांच्या दलांच्या स्वतःच्या फिरत्या पब्लिक अफेअर्स तुकड्या आहेत. न्यू जर्सीच्या गार्डची ४४४ वी अशीच एक. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे ही साधी बांधिलकी. पूर, वादळ, युद्ध आलं तर जास्त. प्रशिक्षण तेच, डिनफॉसचंच. उरलेल्या वेळात तो कॉलेज पुरं करू शकतो, स्थानिक चॅनलवर काम करू शकतो, म्हणजे ज्या अर्ध्या भागाची लष्करात उणीव आहे तो बाहेर भरून काढू शकतो. माझा स्वतःचा मुलगा असता तर मी त्याला इकडे ढकललं असतं.

कुठलाही रस्ता घेतला तरी कागद नीट वाचा. भरतीचा मूळ करार डीडी फॉर्म ४. त्यात ठळक अक्षरांत छापलंय, की लेखी नसलेलं कुठलंही आश्वासन ग्राह्य धरलं जाणार नाही. मग ‘जर्मनी देतो’, ‘रेडिओवर टाकतो’ हे तोंडी बोललेलं सगळं हवेत. ४६ एस हा ट्रेड सोबतच्या जोडपत्रात लिहिलेला असायलाच हवा. आर्मी तो लिहून देते. नेमणुकीचं ठिकाण लिहून मिळेल अशा भरवशावर राहू नका. पहिल्या करारात एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. त्यातली तीन-चार-पाच वर्षं प्रत्यक्ष सेवा, उरलेली राखीव यादीत. शिक्षणाचा खर्च निघतो हे खरं : ३६ महिने सक्रिय सेवा झाली, की जीआय बिलाचा, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या सरकारी योजनेचा पूर्ण लाभ, ३६ महिन्यांच्या शिक्षणापुरता. गार्डमधून हा लाभ तेवढ्या सहज जमत नाही, ते वेगळं विचारून घ्या.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी एवढंच : भरतीला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असलेल्या मुलांना सध्या दार बंद आहे. आणि भारतातल्या नातेवाइकांनी ‘आपल्याकडे का नाही असं’ विचारलं, तर सांगा, की आपल्या सैन्यात शिपायांसाठी असा प्रसारणाचा ट्रेड नाही. तिथे संरक्षण खात्याचं जनसंपर्क संचालनालय आहे, आणि त्याचं ‘सैनिक समाचार’ हे नियतकालिक १९०९ पासून निघतंय, मराठीतही.

राहिला चॅनलचा प्रश्न. लष्करी निवेदकांतून मोठी नावं निघालीत. ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ या टीव्ही गेम शोचा अनेक वर्षं सूत्रसंचालक असलेला पॅट सेजॅक सायगावला लष्करी रेडिओवर होता, आणि उपराष्ट्राध्यक्ष झालेले अल गोर व्हिएतनाममध्ये लष्करी वार्ताहर. पण माझ्यासमोर येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण कंपन्यांच्या, रुग्णालयांच्या, विद्यापीठांच्या आणि सरकारी खात्यांच्या संपर्क विभागांत जातात. सरकारी नोकरीत माजी सैनिकाला प्राधान्य मिळतं आणि पगार लहान गावच्या चॅनलपेक्षा बरा असतो. चॅनलला जायचं असेल तर रील, म्हणजे स्वतःच्या कामाच्या निवडक नमुन्यांचा व्हिडिओ लागतो, आणि इथे लष्कराचा एक फायदा मोठा : सरकारी कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून केलेल्या चित्रणावर कॉपीराइट नसतो. प्रत्येक क्लिपला तारीख, सेवा आणि चित्रकार ओळखणारा क्रमांक असतो, ती डीव्हिड्स या सरकारी साठ्यावर नावानिशी सापडते. ‘हे खरंच तू केलंस का?’ हा प्रश्नच उरत नाही.

मुलाखतीत अडतं ते दुसरीकडेच. मी विचारते, ज्याला उत्तर द्यायचं नव्हतं अशा माणसाला तू कधी प्रश्न विचारलास का? लष्करातून आलेली चांगली चांगली मुलं इथे गप्प होतात. त्यांनी मुलाखत घेतली ती नेहमी तयार होऊन आलेल्या, आपल्याच बाजूच्या माणसाची. म्हणून मुलाला सांगा, भरती व्हायचंच असेल तर त्याआधीचं वर्ष कॉलेजच्या वृत्तपत्रात नाहीतर रेडिओवर घाल. गावच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीला जा, बजेटचे कागद माग, एखाद्या चिडलेल्या सभासदाचा फोन घे. तेवढ्यानं त्याला स्वतःलाच कळेल, हे त्याला आवडतं की नुसता आवाज आवडतो.

आणि रिक्रूटर घाई करत असेल तर घाबरू नका. सही करून ‘डिलेड एंट्री’च्या, म्हणजे नंतर रवाना व्हायच्या उमेदवारांच्या यादीत नाव गेलं, तरी प्रशिक्षणाला प्रत्यक्ष रवाना होण्याच्या दिवसापर्यंत लेखी कळवून माघार घेता येते. त्यासाठी दंड नाही, तुरुंग नाही, कुणी काही म्हणालं तरी.